पंख्यावरील तारे आणि घरगुती उपकरणांचा बाजार

गेल्या होळीच्या आधीं चार दिवस आमच्या वसतिगृहांतील इयत्ता नववीच्या एका विद्यार्थ्याचे वडील त्यास घरीं नेण्याकरितां नंदुरबारास आले. मोलगीच्या पलीकडे डोंगरांत त्यांचा पाडा आहे. दिवाळी सरली कीं ते सहकुटुंब गुजराथेंत ऊस तोडावयास जातात, आणि काठीची होळी जवळ आली म्हणजे गांठीस चार पैसे बांधून परततात. घरांत वीज येऊन दोन-तीन वर्षें झालीं. यंदा पंखा घ्यावयाचा असा त्यांचा निश्चय होता. बापलेक बाजारांत गेले. दुकानदारानें दोन पंखे पुढें ठेविले. आकार एक, रंग एक, पातीं तीनच. परंतु एकाची किंमत पंधराशें रुपये व दुसऱ्याची सत्तावीसशें. पहिल्यावरील चिठ्ठीवर एक तारा होता, दुसऱ्याच्या चिठ्ठीवर पांच. “वारा दोघांचा सारखाच,” असें दुकानदारानेंच प्रामाणिकपणें सांगितलें. मुलगा धांवत माझ्याकडे आला व म्हणाला, “सर, वारा सारखा, तर मग बाराशें रुपये कशाचे?”

प्रश्न सोपा वाटला. उत्तर देऊं लागलों तेव्हां तो तितका सोपा नाहीं असें दिसून आलें. वर्गांत त्यावर तीन तास खर्ची पडले. त्या चर्चेंतील मुख्य भाग वाचकांपुढें ठेवितों.

आपल्या नंदुरबारचा मिरचीचा बाजार सर्वांनीं पाहिलेला आहे. हंगामांत गांवाबाहेरच्या पथाऱ्या लाल मिरचीनें झांकून जातात. तेथें येणारा व्यापारी मिरची हातांत घेतो, मोडतो, हुंगतो, बीं पाहतो, ओलावा किती राहिला आहे तें बोटांनीं ताडतो, आणि मग भाव बोलतो. माल चांगला असेल तर त्यास चार पैसे अधिक मिळतात, कारण चांगुलपणा डोळ्यांस व नाकास कळतो. पंख्याचें तसें नाहीं. पंखा फिरवून पाहिला तर वारा कळतो. परंतु तो वारा देण्यासाठीं पंखा किती वीज खातो हें कोणत्याही इंद्रियास कळत नाहीं. महिन्याअखेर बिल येतें, पण त्यांत दिवा, पंखा, दूरदर्शनसंच, पाण्याचा पंप ह्या सर्वांचा खर्च एकत्र कालवलेला असतो. कोणी किती खाल्लें हें त्यावरून सांगतां येत नाहीं.

ज्या बाजारांत गिऱ्हाइकास मालाचा गुण पारखतां येत नाहीं, तेथें काय होतें? अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ ह्यांनीं १९७० सालीं जुन्या मोटारगाड्यांच्या बाजाराचें उदाहरण घेऊन ह्या प्रश्नाचा विचार केला. पुढें २००१ सालीं त्यांस अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें: गुण दिसत नसला म्हणजे गिऱ्हाईक केवळ किंमत पाहतें, मग अधिक खर्च करून चांगला माल बनविणारा कारखानदार मागें पडतो आणि हलका माल पुढें येतो. घरगुती उपकरणांच्या बाजारांत नेमकें हेंच चाललें होतें. तांब्याची तार व पोलादाचे पत्रे कमी वापरून पंखा स्वस्त करतां येतो. कमी तांबें म्हणजे अधिक उष्णता, व अधिक उष्णता म्हणजे फुकट गेलेली वीज. परंतु ती वीज कारखानदार भरीत नाहीं, दुकानदारही भरीत नाहीं. ती पुढील दहा-पंधरा वर्षें गिऱ्हाईक भरतें, आणि आपण ती भरीत आहों हें त्यास ठाऊकही नसतें.

सरकारनें ह्यावर जी योजना केली तिचीं दोन अंगें आहेत, व तीं वेगवेगळीं ओळखलीं पाहिजेत. एक अंग म्हणजे चिठ्ठी: उपकरण किती वीज घेतें हें त्यावरच छापून गिऱ्हाइकास सांगणें. दुसरें अंग म्हणजे मर्यादा: अमुक इतक्यापेक्षां अधिक वीज खाणारा माल मुळीं विकावयाचाच नाहीं. चिठ्ठी गिऱ्हाइकास डोळे देते. मर्यादा बाजारांतील खालची पायरीच काढून टाकते. आपल्या देशांत ऊर्जा संवर्धनाचा कायदा २००१ सालीं झाला, त्यान्वयें १ मार्च २००२ रोजीं ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो स्थापन झाला, व मे २००६ मध्यें ताऱ्यांच्या चिठ्ठ्यांस आरंभ झाला. प्रथम शीतकपाटें व नळीदिवे घेतले, आणि तेंही कारखानदारांच्या मर्जीवर सोडलें. जानेवारी २०१० पासून वातानुकूल यंत्रें, हिम न धरणारीं शीतकपाटें, नळीदिवे व वितरणाचीं रोहित्रें ह्यांस चिठ्ठी सक्तीची झाली. एलईडी दिव्यांस २०१८ पासून. आणि छताच्या पंख्यास, जो सर्वांत गरिबाच्या घरींही असतो, १ जानेवारी २०२३ पासून. हा क्रम मला थोडा उलटा वाटतो. पण तो वाद येथें नको.

आतां तारे मोजतात तें काय? पंख्याच्या बाबतींत हिशेब अगदीं सरळ आहे. पंखा एका मिनिटांत किती घनमीटर हवा ढकलतो त्यास तो घेत असलेल्या वॅटांनीं भागावयाचें. बाराशें मिलिमीटरच्या नेहमींच्या पंख्यानें मिनिटास निदान २१० घनमीटर हवा दिली पाहिजे असा दंडक आहे. सक्ती आली तेव्हां भागाकार ४ आला तर एक तारा व ६ किंवा अधिक आला तर पांच तारे असें ठरलें. म्हणजे २१० घनमीटर हवेसाठीं एकतारा पंखा साडेबावन वॅट घेईल, पंचतारा फार तर ३५. आपल्या घरोघरचे जुने पंखे ७५ वॅटांच्या आसपास घेतात. त्यांचा भागाकार तीनाच्या जवळपास येतो, म्हणजे ते एका ताऱ्यासही पात्र नाहींत. यास्तव दुकानदाराचें बोलणें खरें होतें आणि अपुरेंही होतें. तारा वाऱ्याचा नव्हेच, वाऱ्याच्या मोलाचा आहे.

ह्यावर विश्वास न बसणाऱ्यांसाठीं एक प्रयोग सांगतों. त्यास एक पैसा लागत नाहीं. भिंतीवरील विजेच्या मीटरावर एक लहान लाल दिवा लुकलुकत असतो. पुष्कळ मीटरांवर ३२०० हा आंकडा छापलेला आढळतो; त्याचा अर्थ असा कीं, एक युनिट वीज खर्च होईतों तो दिवा ३२०० वेळां लुकलुकतो. घरांतील सर्व उपकरणें बंद करून केवळ एक पंखा पूर्ण वेगानें लावावा व घड्याळ घेऊन दहा मिनिटें मोजावें. ७५ वॅटांचा पंखा असेल तर दिवा चाळिसदां लुकलुकेल. ३० वॅटांचा असेल तर सोळादां. मीटरावर दुसरा आंकडा असेल तर त्या प्रमाणांत हिशेब बदलावा. आमच्या नववीच्या मुलांनीं हा प्रयोग वसतिगृहांत केला. दोन वेळां तार गुंडाळून आणलेला एक जुना पंखा इतका भुकेला निघाला कीं, मोजणारा मुलगा आपणच चुकलों असें समजून पुन्हां मोजूं लागला.

नव्या पंख्यांत विजेची बचत होते तरी कशी, हें विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनीं समजून घ्यावें. जुन्या पंख्यांतील मोटारींत फिरणाऱ्या भागांत विद्युत्‌प्रवाह प्रेरणेनें उत्पन्न करावा लागतो. त्या प्रवाहानें तो भाग तापतो, आणि पंख्याच्या मध्यभागास हात लावतां येत नाहीं इतकी ऊब आपणांस जाणवते. ती ऊब आपण विकत घेतलेलीच असते. नव्या ब्रशविरहित मोटारींत, जिला बाजारांत बीएलडीसी म्हणतात, फिरणाऱ्या भागावर कायमचे चुंबक बसविलेले असतात. तेथें प्रवाहाची गरजच उरत नाहीं. स्थिर भागांतील वेटोळ्यांस केव्हां किती वीज द्यावयाची हें एक लहानशी इलेक्ट्रॉनिक पट्टी ठरविते. मुंबईच्या आयआयटींतून बाहेर पडलेल्या मनोज मीणा व सिबब्रत दास ह्या दोघां तरुणांनीं २०१२ सालीं ॲटमबर्ग नांवाची कंपनी काढली व २०१५ सालीं असा २८ वॅटांचा पंखा बाजारांत आणला. त्या वेळीं पंख्यांवर चिठ्ठीची सक्ती नव्हती. जे ग्राहक स्वतः वाचून, हिशेब करून घेत, तेच तो घेत; उरलेला बाजार पूर्ववत् ७५ वॅटांवर फिरत राहिला. चिठ्ठी ऐच्छिक असली म्हणजे ज्याचा माल चांगला तोच ती लावतो, आणि ज्याचा वाईट तो गप्प बसतो. गिऱ्हाइकास त्या मौनाचा अर्थ कळत नाहीं. २०२३ च्या आरंभीं सक्ती आल्यावर मात्र मोठ्या-लहान सर्वच कारखानदारांस आपले नमुने बदलावे लागले. किमतीही चढल्या, हें लपविण्यांत अर्थ नाहीं.

वातानुकूल यंत्रांच्या बाबतींत असाच पालट २०१८ सालीं झाला. तोंपर्यंत एकाच वेगानें चालणारीं यंत्रें व गरजेप्रमाणें वेग बदलणारीं यंत्रें निरनिराळ्या मापांनीं मोजलीं जात. त्या वर्षापासून दोन्ही एकाच मापानें मोजण्याचें सक्तीनें ठरलें. एकाच वेगाच्या यंत्रास वरचे तारे मिळणें दुर्घट झालें आणि थोड्याच वर्षांत दुकानांतील बहुतेक जागा दुसऱ्या प्रकारानें व्यापली. जुन्या प्रकारास कोणी बंदी केली नव्हती. केवळ मोजपट्टी बदलली होती. शिवाय ही मोजपट्टी दर कांहीं वर्षांनीं अधिक कडक होत असते. जुलै २०२२ मध्यें कालचीं पंचतारा वातानुकूल यंत्रें एका रात्रींत चारतारा झालीं. म्हणून चिठ्ठीवर ताऱ्यांखेरीज तिचा कालावधि छापलेला असतो, तो अवश्य वाचावा. गोदामांत राहिलेल्या जुन्या मालाचे पांच तारे व नव्या मालाचे पांच तारे हे सारखे नव्हत.

मर्यादा घातली कीं वस्तु महागतात व गरिबाच्या हातून जातात, असा आक्षेप पूर्वींपासून घेतला जातो. अमेरिकेंत १९७०-८० च्या दशकांत कॅलिफोर्निया संस्थानानें शीतकपाटांस मर्यादा घातली, तेव्हांही कारखानदारांनीं हीच ओरड केली होती; पुढें १९८७ सालीं सबंध देशासाठीं कायदा झाला. त्या दशकाच्या आरंभीं तेथील नवें शीतकपाट वर्षास सरासरी सुमारें १,८०० युनिटें खात असे. २००१ च्या सुमारास तोच आंकडा ५०० च्या आसपास आला. मध्यंतरीं कपाटें आकारानें मोठीं झालीं, आणि महागाई वजा जातां त्यांच्या किमती उतरल्या. जपाननें १९९८ सालीं कायदा बदलून निराळीच युक्ति योजिली: आज बाजारांत जो नमुना सर्वांत काटकसरी असेल, तोच कांहीं वर्षांनीं सर्वांसाठीं दंडक व्हावयाचा. शर्यतींत पहिला आलेला दुसऱ्यांसाठीं नियम घालून देतो, असेंच हें आहे.

परंतु परदेशाचा दाखला देऊन आपला प्रश्न सुटत नाहीं. किंमत उतरते ती कालांतरानें, व मोलगीचा माणूस पंखा घेतो तो आज. हें अंतर कसें भरून काढावयाचें, ह्याचा एक चांगला धडा आपल्याच देशांत मिळाला आहे. एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस ह्या सरकारी कंपनीनें एलईडी दिवे एकदम लाखोंच्या, पुढें कोटींच्या संख्येनें खरेदी करावयास प्रारंभ केला. दिव्याचा दर्जा आधीं ठरवून द्यावयाचा आणि मग कारखानदारांकडून बोली मागवावयाची, अशी पद्धत होती. २०१४ च्या आरंभीं जो दिवा कंपनीस सुमारें ३१० रुपयांस पडला, त्याचीच खरेदीची किंमत २०१६ सालीं ३८ रुपयांपर्यंत उतरली. जानेवारी २०१५ पासून ‘उजाला’ योजनेखालीं असे ३६ कोटींहून अधिक दिवे विकले गेले. ६० वॅटांचा तारेचा दिवा जो उजेड देई तो आतां ९ वॅटांत मिळूं लागला, आणि किराणा दुकानांतही एलईडी दिवा सहज मिळूं लागला. दिव्यांवर चिठ्ठीची सक्ती २०१८ सालीं आली. म्हणजे बाजार आधीं स्वस्त झाला व नियम मागाहून आला. पंख्यांच्या बाबतींत क्रम उलटा झाला. २०२३ च्या अखेरीस पंख्यांसाठींही अशीच मोठ्या खरेदीची योजना जाहीर झाली, परंतु पंख्याची किंमत दिव्यासारखी कोसळली नाहीं. चुंबक व इलेक्ट्रॉनिक पट्टी ह्यांचा खर्च अद्याप मोठा आहे.

थोड्या विजेंत अधिक काम हा प्रश्न आपल्या जिल्ह्यास नवा नाहीं, हें येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. धडगांव तालुक्यांतील बिलगांव येथें २००३ सालीं नर्मदेच्या खोऱ्यांतील धबधब्यावर एक लहानसें वीजकेंद्र उभें राहिलें. केरळहून आलेल्या अभियंत्यांनीं आराखडा केला व पाड्यांवरील लोकांनीं श्रमदानानें तें बांधलें. त्याची शक्ति १५ किलोवॅट, आणि वीज घेणारीं कुटुंबें सुमारें १८०. समान वांटणी केली तर एका घराच्या वांट्यास ८३ वॅट येतात. ह्या ८३ वॅटांत तारेचा ६० वॅटांचा दिवा एकच लागतो; आजचे ९ वॅटांचे दिवे नऊ लागतील. जुना पंखा लावला तर घरांत दुसऱ्या दिव्यापुरतीही वीज उरत नाहीं. ३० वॅटांचा लावला तर पांच दिवे राहतात. तें केंद्र २००६ च्या पावसाळ्यांत पाण्याखालीं गेलें. आतां महावितरणच्या तारा पुष्कळ पाड्यांवर पोंचल्या आहेत, तरी त्या ८३ वॅटांचा हिशेब प्रत्येक विद्यार्थ्यानें एकदां करून पाहावा.

आतां मोलगीच्या पाहुण्यांच्या पंख्याकडे येऊं. ताऱ्यांचा महिमा गाऊन झाल्यावर पंचतारा पंखाच घ्या असें त्यांस सांगावयास मी सिद्ध होतों. पण आधीं हिशेब करूं या असें मुलांनींच सुचविलें. घर दिवाळीपासून होळीपर्यंत बंद असतें. पुढेंही डोंगरावरील रात्र थंड. म्हणून वर्षांत १८० दिवस व रोज ८ तास पंखा चालेल असें धरलें. ५२ व ३० वॅटांतील अंतर २२ वॅटांचें. वर्षाची बचत सुमारें ३२ युनिटें. विजेचा दर खप वाढेल तसा टप्प्याटप्प्यानें चढतो, आणि ह्या घराचा खप सर्वांत खालच्या टप्प्यांतला. म्हणून युनिटास ५ रुपये धरले. बचत झाली १६० रुपयांची. अधिक दिलेले बाराशें रुपये फिटावयास साडेसात वर्षें लागणार! ज्याचा खप अल्प आणि दर स्वस्त, त्यास काटकसरीच्या यंत्राचा लाभ सर्वांत कमी, ही गोष्ट मला स्वतःला त्या दिवसापूर्वीं इतकी स्पष्ट उमगली नव्हती.

मुलाचे वडील हा सर्व हिशेब शांतपणें ऐकत होते. मग त्यांनीं विचारलें, “गुरुजी, हा महागाचा बिघडला तर मोलगींत कोण नीट करील?” साध्या पंख्याची तार जळली तर ती पुन्हां गुंडाळून देणारा कारागीर मोलगीच्या बाजारांत आहे, इलेक्ट्रॉनिक पट्टी जळली तर पंखा घेऊन नंदुरबारास, कदाचित् त्याहून दूर जावें लागेल. भाड्याचे पैसे व बुडालेली मजुरी चिठ्ठीवर छापलेली नसते. दुसऱ्या बाजूनें एक गोष्ट मीं त्यांच्या नजरेस आणिली. डोंगरांत विजेचा दाब संध्याकाळीं फार उतरतो. तेव्हां साधा पंखा मंदावतो, परंतु ब्रशविरहित मोटारीचा पंखा बहुधा आपला वेग सोडीत नाहीं. ह्या गुणाचा उल्लेखही चिठ्ठींत नाहीं.

त्यांनीं थोडा वेळ विचार केला आणि एकतारा पंखा घेतला. त्यांच्या घरापुरता तो निर्णय योग्य होता असें माझें मत आहे. शिवाय तो एकतारा पंखा देखील जुन्या ७५ वॅटांच्या पंख्याहून २३ वॅटांनीं काटकसरी होता, आणि ही बचत त्यांनीं न मागतां त्यांस मिळाली होती. २०२२ सालीं ते आले असते तर त्याच दुकानांतून त्यांनीं बहुधा ७५ वॅटांचाच पंखा उचलला असता.

वसतिगृहाचा हिशेब निराळा निघाला. येथें पंखे रोज चौदा तास व वर्षांत सुमारें २७० दिवस चालतात. ७५ च्या जागीं ३० वॅटांचा पंखा बसविला तर एका पंख्यामागें वर्षास १७० युनिटें वांचतात. ७ रुपये दरानें जवळजवळ बाराशें रुपये. सत्तावीसशें रुपयांचा पंखा सव्वादोन वर्षांत फुकट पडतो. मुलांनीं हा आंकडा स्वच्छ अक्षरांत लिहून व्यवस्थापकांकडे नेला. त्यांनीं तो दोनदां तपासला, व जून महिन्यांत चार पंखे बदलावयाचे ठरविलें. तो दोन वेळां तार गुंडाळलेला भुकेला पंखा प्रथम काढला. तो भंगारांत द्यावा कीं डोंगरांतील एखाद्या घरीं न्यावा, ह्यावर मुलांत मोठा वाद झाला. मुलांनीं हिशेब केला: तोच पंखा रोज ८ तास, १८० दिवस चालला तर नव्या एकताऱ्यापेक्षां वर्षास ३३ युनिटें अधिक घेईल. फुकट पंखा, आणि वर्षाचे १६५ रुपये. अखेर तो एकानें घरीं नेलाच.